नाव बदलले, हद्द तशीच

महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. निर्णय योग्यच होता. पत्ता सांगताना समोरच्याची नजर बदलणे हा रोजचा अपमान आहे, तो थांबायलाच हवा. पण आता त्याच्या पुढे एक युक्तिवाद जोडला जातो. जातीचा भूगोल संपला, नगरपालिकांचे प्रश्न म्हणजे निधी, पाणी आणि अतिक्रमण, आणि ते सगळ्यांना सारखेच आहेत, असे सांगितले जाते. हे म्हणणे चुकीचे आहे, आणि विकास आराखडे करणारी माणसे ते खरे मानून चालतात म्हणून घातकही आहे.

महाराष्ट्रातली बहुतेक छोटी शहरे गावठाणाभोवती वाढली. वेशीच्या आत गाव आणि वेशीबाहेर महार-मांगांची वस्ती, ही रचना तिथे आधीपासून होती. ही वस्ती सहसा ओढ्याकाठी, उताराच्या अंगाला असे. पुढे गावाची नगरपालिका झाली, गटारे बांधली गेली. गटाराचे पाणी उतारानेच जाणार, म्हणून ते वस्तीवरून गेले. कचरा डेपो, कत्तलखाना यांना जागा लागली, ती स्वस्त आणि ‘कडेची’ पाहिजे होती, म्हणून तीही त्याच बाजूला निघाली. यातला एकेक निर्णय घेणारा अभियंता जातीचा विचारही करत नसेल. उतार, जमिनीचा भाव आणि मोकळी जागा एवढेच त्याने पाहिले असेल. परंतु उतारावर कोणाला बसवायचे हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेले होते. जुन्या अन्यायाला आज कोणाच्या द्वेषाची गरज उरत नाही, नेहमीचे ‘तांत्रिक’ निकष त्याला पुरतात. आमच्या नगररचनेला हेच दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा, की हा पैशाचा प्रश्न आहे, जातीचा नाही. गरीब माणूस स्वस्त जागी राहतो, चार पैसे आले की बाहेर पडतो. मग आकडे काय सांगतात? 2001 च्या जनगणनेवरून देशातल्या सात सर्वांत मोठ्या महानगरांचा एक अभ्यास 2012 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. आर्थिक-सामाजिक स्तरानुसार लोक जेवढे वेगळे राहतात, त्याहून जातीनुसार अधिक वेगळे राहतात, असे त्यात दिसले. पुढे देशभरातल्या सुमारे 15 लाख शेजारवस्त्यांचा अभ्यास झाला. अनुसूचित जातींचे वेगळे राहणे शहरांतही खेड्यांइतकेच आहे आणि शाळा, दवाखाना, पाणी, गटार या सोयी त्यांच्या वस्त्यांत कमी आहेत, हे त्यातून पुढे आले. जिल्ह्याजिल्ह्यांच्या पातळीवर तूट फारशी दिसत नाही, ती दिसते एकाच गावाच्या किंवा शहराच्या आत. म्हणजे निधी शहरापर्यंत पोहोचतो, पुढे कोणत्या गल्लीत वळतो यात भेद आहे. पैसा आल्यावर बाहेर पडण्याचे म्हणाल, तर भाड्याचे घर शोधताना आडनाव सांगून पाहिलेल्या कोणत्याही तरुणाला विचारावे.

‘कायद्याने सारे मिटले’ म्हणणाऱ्यांनी महाडकडे पाहावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये त्याप्रमाणे ठराव केला. कागदावर तिथले चवदार तळे खुले झाले, तरी पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही यावे लागले. त्यानंतर नगरपालिकेने काय केले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. मग तळे सार्वजनिक की खासगी, असा मालकीचा दावा उभा राहिला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडले. एका छोट्या शहराच्या पाणवठ्याचा हा इतिहास आहे. तिथला संघर्ष नगरपालिकेच्या ठरावावर आणि जमिनीच्या मालकीवर झाला. नगररचनेचा जातीशी संबंध नाही असे म्हणणाऱ्याने हा खटला वाचलेला नसतो.

सोलापूरचे उदाहरण तर आणखी उघड आहे. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तिथे तारेच्या कुंपणात ठेवले होते. हजेरी होती, पास होता आणि शहरातल्या गिरण्यांना मजूर पुरवण्याची सोयही होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा देशभर रद्द झाला आणि माणसे विमुक्त झाली. पण त्या भागाला सोलापुरात आजही सेटलमेंटच म्हणतात. कुंपण राज्याने सरकारी पैशाने उभारले होते, मग त्यामुळे मागे पडलेल्या वस्तीला शहराशी जोडणे ही राज्याची देणी फेडण्याची गोष्ट आहे, तिला उपकाराचे नाव देता येत नाही.

सफाई कामगारांच्या वसाहतींबद्दल तर कोणी बोलतच नाही. घर नगरपालिकेचे, नोकरीशी बांधलेले. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळते, हा आधार मोठा आहे. पण निवृत्तीनंतर खोली सोडावी लागेल या भीतीने कित्येक घरांत शिकलेल्या मुलालाही झाडू हाती घ्यावा लागतो. घराची मालकी दिली असती तर धंद्याची साखळी एका पिढीत तुटली असती. मालकी हक्काच्या घरांची श्रमसाफल्य योजना आहे, पण तिच्यासाठी जागा आरक्षित करणारा आराखडा हवा ना!

‘दलित वस्ती सुधारणेचा वेगळा निधी आहे की’, असेही ऐकायला मिळते. आहे, आणि तो असायलाच हवा. पण अनेक ठिकाणी त्याचा उपयोग पूरक निधी म्हणून होत नाही. सर्वसाधारण अंदाजपत्रकातून तुमच्या गल्लीला काही मिळणार नाही, तुमचे तुमच्या निधीतून करा, असा त्याचा अर्थ लावला जातो. मग त्यातून कमान, समाजमंदिर आणि काँक्रिटची गल्ली होते. मुख्य जलवाहिनी, मोठे गटार, जोडरस्ता ही कामे शहराची असतात आणि ती राहून जातात.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेण्यासारखा आहे. नकाशावर जात आणली तर जात पक्की होईल, आणि वस्तीतल्या लोकांनाही एकत्र राहणेच आवडते. एकत्र राहण्यात आधार असतो, विहार असतो, जयंतीची मिरवणूक असते, हे खरे आहे. म्हणूनच वस्ती मोडून माणसे विखरा, असे मी म्हणत नाही. आवडीला अर्थ येतो तो बाहेरची दारेही उघडी असतील तेव्हा. आणि घराघरांची जात नोंदवा, असेही मागणे नाही. अनुसूचित जातींची लोकसंख्या जनगणना प्रभागनिहाय छापतेच. मागणी एवढीच, की आराखड्याआधी जमीन वापराचा जो नकाशा होतो त्यावर गावठाणाची जुनी हद्द आणि वेशीबाहेरच्या वस्त्या दाखवाव्यात. तिथली जलवाहिनी किती व्यासाची, गटार कुठे संपते, अग्निशमनाची गाडी शिरेल असा रस्ता आहे का, मालमत्ता पत्रक किती घरांना आहे, हेही मांडावे. पत्रक नसेल तर कर्ज मिळत नाही आणि प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःच्या जागेवर घर बांधण्याचे अनुदानही अडते. म्हणून भूमापन आधी तिथे व्हावे.

बगीचा, शाळा, दवाखाना यांची आरक्षणेही याच भागांत आधी ताब्यात घ्यावीत. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक नोटीस देतो आणि आरक्षण उडण्याची वाट मोकळी होते. वस्तीजवळची आरक्षणे उडाली तर तिच्यासाठी पुन्हा जागा निघणार नाही. नव्या घरकुलांच्या इमारती शहराबाहेर माळावर बांधणेही थांबले पाहिजे. एस.टी.च्या वेळेवर मजुरी अवलंबून असलेल्या कुटुंबाला स्वस्त घर महागच पडते.

हे मागायला व्यासपीठही तोकडे आहे. राज्यघटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. त्याहून छोट्या शहरातल्या वस्तीला ते दारही नाही. उरते ती प्रारूप आराखड्यावर हरकत घेण्याची 30 दिवसांची मुदत, आणि तिची सूचना राजपत्रात निघते. तुमच्या शहराचा आराखडा प्रसिद्ध झाला, तर तो नगरपालिकेतून मागून घ्या, वस्तीत नेऊन जमिनीवर पसरा, जुन्या माणसांना हद्द दाखवायला सांगा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. सुनावणीला एकटे जाऊ नका.