शेवटच्या नळावर मोजा

या अंकाचं संपादकीय क्लोरीनवर आहे. हसा खुशाल. ॲट्रॉसिटीच्या केसेस तुंबून पडल्यात, शिष्यवृत्त्या अडकल्यात, वस्त्यांवर बुलडोझर फिरतायत, आणि हा गडी विजेच्या कारखान्यातून खाडीत सुटणाऱ्या पाण्यात क्लोरीन किती, हे विचारत बसलाय! हो, विचारतोय. कारण पाणी कुणी विटाळलं, याचा निकाल या देशात नेहमी एकाच बाजूनं दिलाय. मोजायचं हत्यार नेहमी त्यांच्याच हातात राहिलंय.

आधी भानगड काय ती समजून घ्या. विजेचा कारखाना म्हणजे एक भलीमोठी चहाची किटली. कोळसा जाळा नाहीतर अणू फोडा, काम एकच: पाणी उकळायचं आणि वाफेनं चाक फिरवायचं. त्या वाफेचं परत पाणी करायला गार पाणी लागतं. समुद्रकाठचे कारखाने ते खाडीतनं ओढतात, नळ्यांच्या जुडग्यातनं फिरवतात, आणि गरम झालं की परत खाडीत ओततात. ५०० मेगावॉटचा एक संच असं तासाला हजारो टँकर पाणी ओढतो. आपल्या आयाबहिणी एका टँकरसाठी हंडे घेऊन कितीदा रांगेत उभ्या राहतात, ते मनात ठेवून हा हिशेब वाचा.

खाडीच्या पाण्यात जीव असतात. शेवाळ, जंतू, कालवं, शिंपले. पाण्याबरोबर ते नळीत शिरतात आणि तिथंच घर करतात. मोकळी जागा दिसली, वाहतं अन्न मिळालं, बसले. आपल्यासारखेच. नळ्या चोंदतात, वीज कमी निघते, साहेब चिडतो. मग ही झोपडपट्टी उठवायला क्लोरीन. आतली वस्ती उठवून झाली की उरलासुरला क्लोरीन गरम पाण्याबरोबर बाहेर पडतो. बाहेर कोण असतं? कोळंबी, बोईट, निवटी, चिंबोरी, माशांची अंडी, आणि हे सगळं धरून पोट भरणारी माणसं.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ सांगतात: औष्णिक केंद्राच्या थंडाव्याच्या पाण्यात, बाहेर सोडताना, लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमपर्यंत मुक्त क्लोरीन चालेल. अमेरिकेनं १९८२ साली आपल्या मोठ्या केंद्रांना घातलेली मर्यादा ०.२ आहे, तीही मुक्त नव्हे, एकूण क्लोरीनची. वर एका संचातून दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ सोडायचा नाही. जागतिक बँकेच्या घरातल्या आयएफसीनं २००८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही एकूण क्लोरीन ०.२. अमेरिकेला साधूसंत समजायचं कारण नाही, व्हिएतनामवर त्यांनी काय ओतलं ते जग जाणतं. पण त्यांच्याच सरकारनं १९८५ साली हेही छापलं, की समुद्रातल्या जिवांना सांभाळायचं असेल तर पाण्यातला क्लोरीन तासाच्या सरासरीनं ०.०१३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. आमचं ०.५ आणि हे ०.०१३. अडतीस पटींचा फरक.

कुणी इंजिनियर उठून म्हणेल, की बाबा, हे आकडे एका जागेचे नाहीत. एक पाणी सोडायच्या तोंडाचा, दुसरा मासा पोहतो तिथला. मधे पाणी मिसळतं, क्लोरीन विरतो. खरं आहे. पण किती विरतो? कुठवर? भरतीला किती आणि ओहोटीला, खाडीत गुडघाभर पाणी उरतं तेव्हा किती? हे मोजल्याशिवाय कसं कळणार, आणि मोजतो कोण?

तापमानाचीही तीच कथा. १९८६ च्या नियमांत पाणी जितकं ओढलं त्याच्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम सोडायचं नाही, असं होतं. १९९८ साली दुरुस्ती झाली: समुद्रकाठच्या नव्या केंद्रांना ७ अंश, जुन्यांना १०. माशाचं रक्त तेच राहिलं, कायदा मात्र रबरासारखा ताणला. गरम पाण्यात प्राणवायू कमी, त्यात क्लोरीनचा मारा. दोन्ही एकदम.

आता त्या 'मुक्त' शब्दाकडं या. मला तो शब्द वाचूनच संशय आला होता. आपल्याला या देशात 'मुक्त' म्हणून जे जे दिलं, ते नीट तपासून घ्यावं लागतं.

पाण्यात क्लोरीन टाकला की थोडा मोकळा राहतो, तो मुक्त. थोडा पाण्यातल्या अमोनियाला चिकटतो, त्याचं क्लोरामाइन होतं. तो बांधलेला. गटाराचं पाणी जिथं येतं तिथं अमोनिया भरपूर, म्हणजे बांधलेला क्लोरीनही भरपूर. क्लोरामाइन सावकाश विरतं आणि माशाच्या कल्ल्यांना तेही विषच. खाऱ्या पाण्यात आणखी एक फेरा: तिथं ब्रोमाइड असतं, क्लोरीन त्याच्याशी झोंबून ब्रोमीनची विषारी रूपं तयार करतो. म्हणून समुद्राच्या पाण्यात शहाणी माणसं जळजळीत असं जे जे उरलं, ते सगळं मिळून मोजतात. आमच्या नियमात शब्द एकच, मुक्त. बांधलेल्याची नोंदच नाही. कागदावर मुक्त क्लोरीन ०.१ दिसतो, सगळं बरं चाललंय, आणि निवटी चिखलात उताणी. मुक्तांची मोजदाद करायची आणि बांधलेल्यांना हिशेबात धरायचंच नाही, ही पद्धत या देशाला काही नवी नाही.

दुसरी गोम वेळेची. क्लोरीन उडून जातो, विरतो. नमुना बाटलीत भरला, जीपमध्ये ठेवला, उन्हातनं प्रयोगशाळेत नेला आणि दुसऱ्या दिवशी तपासला, तर बाटलीत काय उरणार? शून्य. नमुना जागेवर, मिनिटांत तपासावा लागतो. शिवाय क्लोरीन दिवसभर एकसारखा सोडतातच असं नाही, बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळी डोस देतात. डोस पहाटे आणि नमुना दुपारी, तर आकडा कायम गोंडस.

माझा चुलतभाऊ काही वर्षं एका केंद्रावर ठेकेदाराकडं होता. नाव सांगत नाही. पाणी ओढायच्या तोंडाशी जाळीला अडकलेला कचरा, मेलेले मासे, प्लास्टिक उपसायचं, हे त्याचं काम. मी विचारलं, तपासणीला येतात का कोणी? म्हणाला, "येतात की दादा. पर साहेब यायचं आदल्या दिशीच कळतं. आमाला नवं हातमोजं मिळत्यात त्या दिशी, त्याच्यावरनंच आमी वळखतो." त्या दिवशी डोसचं काय होतं, विचारलं. तो नुसता हसला. त्याला त्या खोलीत पाय ठेवायची परवानगी नव्हती. जाळी उपसणारे हात आणि आकडा लिहिणारे हात वेगळे. जाळीवाल्यांची आडनावं वाचा, वहीवाल्यांची वाचा. जातीची जनगणना तिथंच होऊन जाईल.

आणि कायदा काय म्हणतो? पाणी कायदा, १९७४, कलम २१. कोर्टात पुरावा म्हणून नमुना चालायचा असेल तर तो मंडळानं किंवा मंडळानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं घेतलेला पाहिजे, कारखानदाराला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद, सह्यांसह. कोळ्यानं भरलेली बाटली म्हणजे नुसतं पाणी. त्याच्या जाळ्यात मेलेला मासा म्हणजे नुसता मासा.

दोस्तांनो, २० मार्च १९२७ आठवा. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. नंतर सवर्णांनी काय केलं? तळं बाटलं म्हणून १०८ घागरी पाणी उपसलं, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं, मंत्र म्हटले आणि तळं शुद्ध झालं असं जाहीर केलं. कोणती परीक्षानळी लावली होती त्यांनी? पाण्यात कुठला जंतू सापडला होता? शेण ओतलेलं पाणी शुद्ध आणि माणसानं शिवलेलं अशुद्ध! आमचा स्पर्श मोजायला त्यांच्याकडं हजारो वर्षांचं यंत्र होतं. सावलीची लांबीसुद्धा मोजत होते साले. पण कारखान्याच्या तोंडाशी आलं की यांच्या यंत्राचा काटा हलत नाही. महाडचा खटला १९३७ साली हायकोर्टात आपण जिंकलो. पाण्याला शिवायचा हक्क मिळाला. पाणी तपासायचा हक्क अजून मंडळाच्या कपाटात आहे.

मी मूळचा महाळुंगे पडवळचा, आंबेगाव तालुक्यातला. बाबू गेनूचं गाव. गिरणीतला हा पोरगा १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला आणि चिरडला गेला, वय बावीस. डिंभ्याच्या धरणातल्या पाण्याला आता त्याचं नाव आहे. त्या पाण्याखाली आदिवासींची गावं आहेत, त्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत ते शोधा. असो. गावाचा विषय यासाठी काढला, की क्लोरीन मोजायचं शास्त्र मी तिकडं शिकलो, कॉलेजात नव्हे.

खेड्यात पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात. टाकली की नाही ते बघायला ओटी टेस्ट. काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर गॅस्ट्रोची तयारी ठेवा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम राहिला पाहिजे. आणि या टेस्टचा एक साधा नियम आहे, जो मला सगळ्या प्रदूषण कायद्यांपेक्षा शहाणा वाटतो: टाकीखाली मोजायचं नाही, शेवटच्या नळावर मोजायचं. कारण टाकीखाली तो असणारच. पाइपलाइनच्या टोकाला पोचतो का, हा खरा प्रश्न. आणि महाराष्ट्रातल्या गावांत पाइपलाइनचं शेवटचं टोक बहुतेक कुठल्या वाड्यात असतं, हे मी या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको.

क्लोरीन आपला दुश्मन नाही, हेही त्यातच आलं. तो नळाला हवा, नाहीतर पोरं हगवणीनं जातात. माणसाला जो औषध, तोच माशाला विष, आणि सिलिंडरमधनं सुटला तर माणसालाही: जुलै २०१० मध्ये शिवडीला बंदराच्या आवारात पडून असलेल्या जुन्या सिलिंडरांतून गळला, तेव्हा कितीतरी जण दवाखान्यात पोचले, त्यात विझवायला गेलेले अग्निशमनचे जवानही होते. कुठं किती, एवढाच प्रश्न आहे. आणि कुठं मोजायचा.

तर तोच नियम खाडीला लावा. कारखान्याच्या आवारात, त्यांच्याच कुलपाआड, त्यांच्याच मीटरवर नव्हे. २०१४ पासून केंद्रीय मंडळानं मोठ्या प्रदूषक उद्योगांना चोवीस तास आकडे पाठवणारी यंत्रं बसवायला सांगितली, ती बसली. पण यंत्र कारखान्याचं, देखभाल त्यांची. मोजा शेवटच्या नळावर, म्हणजे जिथं डोल लागते, जिथं बाया चिखलात कालवं फोडतात तिथं.

चेंबूर, माहुल, ट्रॉम्बे, मानखुर्दच्या वाचकांना हे जास्त करून सांगतोय. टाटांचं ट्रॉम्बेचं केंद्र १९५६ पासूनचं, थंडाव्याचं पाणी समुद्राचं. शेजारी तेलाचे कारखाने, पलीकडं भाभा अणुसंशोधन केंद्र. त्या केंद्रासाठी आणीबाणीत, १९७६ साली, जनता कॉलनी उठवून चीता कॅम्पला फेकली. माहुलची हवा माणसाच्या राहण्याजोगी नाही हे हरित न्यायाधिकरणापुढं २०१५ साली आलं, तरी पाइपलाइनवरची झोपडी उठवून माणसं तिथंच कोंबली. हवेवर निदान खटले झाले. पाण्यावर? पलीकडं ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसरचा दर्जा मिळाला, फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. पक्ष्यांना आमचा विरोध नाही. पक्षी मोजतात तसं कोळ्याचं जाळंही मोजा, एवढंच म्हणणं.

उत्तरेला डहाणूकरांनी भांडून १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाकडून न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली एका तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण मिळवलं. कारखाना थांबला नाही, पण त्याला उत्तरं द्यावी लागली. त्याच किनाऱ्यावर, तारापूरला, १९६९ पासून अणुवीज होते आणि पुढच्या संचांसाठी पोफरण, अक्करपट्टी उठली.

आता कामाचं. पाणी कायद्याचं कलम ४९: साठ दिवसांची नोटीस देऊन कुणीही माणूस कोर्टात जाऊ शकतो, आणि त्यानं मागितल्यावर मंडळानं आपल्याकडचे अहवाल द्यायचे असतात. 'लोकहिताच्या विरुद्ध' म्हणून नकार द्यायची फटही ठेवलीय. ती वापरली तर लेखी घ्या. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: क्लोरीनचा डोस कोणत्या वेळी देतात, नमुना कोणत्या वेळी आणि कुठं घेतला, आणि तपासला मुक्त की एकूण. पहिल्या दोन वेळा शेजारी शेजारी ठेवा, निम्मं काम तिथंच होतं. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पांनी दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो आणि तो जनतेला खुला असतो. इंग्रजीत असतो. वाचा, मराठी करा, वस्तीच्या बोर्डावर लावा.

आणि स्वतः मोजा. ओटी नको, ते औषध हाताळायला वाईट आणि खाडीत फसवतं. डीपीडीचं किट घ्या, पाणी गुलाबी होतं. पहिली गोळी मुक्त दाखवते, पुढची एकूण. दोन्ही लिहा. हे किट ०.०१३ दाखवणार नाही, तेवढी त्याची नजर नाही. त्यामुळं रंग आला नाही म्हणजे मासा वाचला, असं समजू नका. पण ज्या दिवशी जाळ्यापाशी पाणी गुलाबी झालं, त्या दिवसाची वेळ, भरती की ओहोटी, पाण्याचं तापमान, बाटली धरणाऱ्याचं नाव, बघणाऱ्या दोघांच्या सह्या. कोर्ट याला पुरावा म्हणणार नाही. पण मंडळाच्या साहेबाला 'अमुक दिवशी पहाटे चारला या' असं सांगायला ही वही पुरेशी आहे.

वही दोनशे पानी घ्या. पहिली पंधरा दिवसांची पानं पुढच्या अंकात जशीच्या तशी छापतो, चुकलेल्या, भिजलेल्या आकड्यांसकट.

जयभीम.