म्हाताऱ्या कोंबडीचे काय?

आमच्या डिंडोलीत ज्याच्या घरामागे दहा-बारा हात मोकळी जागा उरली असेल, तो भाग्यवानच म्हणावयाचा. खानदेशातून पोटासाठी सुरतेस आलेल्या आपल्या मंडळींनी गाव मागे टाकले. पण गावाकडचे परसू काही मनातून जात नाही. कुणी तेथे तुळस लावतो, कुणी शेवगा. मी गतवर्षी कोंबड्या पाळावयाचे ठरविले.

पहिला विरोध मातोश्रींचा. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मी समजाविले, की कोंबडा नसला तरी कोंबडी अंडे घालते आणि तशा अंड्यातून पिल्लू कधीच निपजत नाही. तेव्हा हिंसेचा प्रश्न उरत नाही. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अंड्याचं सांगितलंस. कोंबडी म्हातारी झाली, की तिचं काय करशील ते नाही सांगितलंस." मी निरुत्तर झालो, तथापि हौस दांडगी असल्याने दुसऱ्याच दिवशी बाजारातून दहा पिल्ले घेऊन आलो.

पिल्लांस आईची ऊब नसली, की दिव्याची द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे ९५ अंश फॅरनहाइट आणि पुढे दर आठवड्यास पाच अंश कमी, असा हिशेब आहे. परंतु तापमापकापेक्षा पिल्लेच अधिक खरे सांगतात. दिव्याखाली दाटीवाटीने गोळा झाली तर थंडी वाजते आहे. दूर पळून चोची वासून बसली तर उकडते आहे. सर्वत्र पांगून टिपत असली तर सारे क्षेम आहे. एवढे मी वाचून जाणले होते. जे वाचूनही मनावर घेतले नाही, त्याची किंमत मात्र मुक्या जिवांनी दिली.

तिसऱ्या आठवड्यात एक पिल्लू मान वाकडी करून गोल गोल फिरू लागले. दुसऱ्याने हिरवट विष्ठा टाकली, तिसऱ्यास धाप लागली. हा 'राणीखेत' रोग. कुमाऊँच्या डोंगरातील त्या रम्य गावाचे नाव या घातकी व्याधीस चिकटले आहे. एकदा जडली, की तिला औषध नाही. उपाय आधीच करावयाचा असतो: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात वा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात टोचणी. आठवड्याभरात सहा पिल्ले गेली. परसात खड्डा खणताना आई दारात उभी होती. ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

लस मी का दिली नाही? लसीची कुपी लहानात लहान म्हटली तरी शंभर मात्रांची. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली, की तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटले. परसात चार कोंबड्या पाळणारे पुष्कळजण येथेच चुकतात. पाच-सहा घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणावीत, एक कुपी वाटून घ्यावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी, हा त्यावर साधा उपाय आहे.

आपले दुखणे आपल्या कुंपणापुरते असते, हा समजही खोटा. उधन्याहून गावी जाताना नवापूरचे स्थानक लागते. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. त्याच नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील कोंबड्यांचा पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. पलीकडील उच्छल भागातही तीच गत झाली. २०२१ च्या आरंभी नवापुरावर पुन्हा तोच प्रसंग आला. रोगास राज्याची सीमा ठाऊक नसते, मग शेजाऱ्याच्या भिंतीची काय कथा! म्हणून एकाएकी अनेक पक्षी मेले, तर गुपचूप पुरू नये, सरकारी पशुवैद्यास कळवावे. मी तेही केले नव्हते, हे येथे कबूल करतो.

वाचलेल्या चारांत एक कोंबडा निघाला. तो भल्या पहाटे आरवू लागताच शेजाऱ्यांच्या झोपेखातर त्यास गावी भावाच्या मळ्यात धाडले. उरलेल्या तिघींपैकी एकीने सहाव्या महिन्यात पहिले अंडे घातले. लहानसे, बदामी रंगाचे, हाताला अजून ऊबदार. ते मी आईस दाखविले. तिने स्पर्श केला नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी तिच्या ओंजळीतली ज्वारी परसात पडू लागली.

कोंबडी पहिली दोन वर्षे भरभरून अंडी देते, पुढे ती रोडावत जातात. आयुष्य मात्र बहुधा आणखी काही वर्षे उरते. एक कोंबडी दिवसाकाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा खाते. म्हणजे तिघींचा वर्षाचा शिधा सव्वा क्विंटलच्या आसपास. अंड्यांच्या भावाशी हा हिशेब जुळेनासा होईल तो दिवस दूर नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊन ठेवले आहे: या तिघी आमच्याच परसात म्हाताऱ्या होतील. आई एवढेच म्हणाली, "मग खुराड्याचं दार जरा रुंद कर. म्हातारपणी वाकवत नाही."