पाकोळ्यांना निरोप देताना

मुलांनो,

पंधरा दिवसांपूर्वी चौथीतली एक मुलगी रडवेली होऊन वर्गात आली. "बाई, आमच्या माळ्यावर पाकोळ्या आहेत. रविवारी दुपारी बाबा सिमेंटनं फट बुजवणार आहेत!" ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. का, ते सांगते.

मी तुमच्याएवढी असतानाची गोष्ट. आजोळच्या कौलारू घरात आढ्याजवळच्या फटीत पाकोळ्या राहायच्या. खाली लेंड्या पडायच्या, वास यायचा. एका दुपारी मामानं फट लिंपून टाकली. त्या रात्री वरून चीं चीं आवाज येत राहिला. दुसऱ्या रात्री कमी झाला. तिसऱ्या रात्री काहीच नाही. मग दुर्गंधी सुटली. मामा कौलं काढून वर गेला. आत पिलंसुद्धा होती. त्या दिवशी मामा जेवला नाही.

चूक कुठं झाली? पाकोळ्या दिवसा आत झोपतात आणि रात्री बाहेर पडतात. दुपारी फट बुजवली म्हणजे त्यांना कोंडलंच की!

पाकोळी म्हणजे किडे खाणारं छोटं वटवाघूळ. ती पक्षी नाही बरं का, पिलांना दूध पाजते. ती आंधळीही नसते. आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढते आणि डास, पतंग फस्त करते.

म्हणून काय घरातच ठेवायच्या? तसं नाही. वाळलेल्या लेंड्यांची धूळ छातीत जाणं बरं नव्हे. त्यांना घालवा, पण जीव न घेता. असं करा :

१) दिवेलागणीला अंगणात बसा. पाकोळ्या कुठून निघतात, किती निघतात, ते वहीत लिहा. हे काम तुमचं!

२) त्या गेल्यावर आतून चीं चीं ऐकू येते का? येत असेल तर पिलं आहेत. ती उडायला लागेपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी थांबा.

३) मग मोठ्यांनी फटीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पडद्यासारखा लावायचा. वर आणि बाजूंना पक्का, खाली मोकळा आणि हातभर लोंबता. पाकोळी सरपटत खालून बाहेर पडते, पण परत येताना तिला वाट सापडत नाही. आजूबाजूच्या रिकाम्या फटी आधीच बुजवा. बोटभर जागाही तिला पुरते.

४) आठवडाभर पडदा राहू द्या. संध्याकाळी एकही पाकोळी निघेनाशी झाली की मगच फट लिंपा. लेंड्या मोठ्यांनी नाकाला फडकं बांधून, आधी पाणी शिंपडून काढाव्यात.

त्या जातील कुठं? झाडांच्या ढोलीत, पुलाखालच्या फटींत, पडक्या भिंतींत.

एखादी चुकून खोलीत शिरली तर आधी पंखा बंद करा! दिवा मालवा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. बहुधा ती आपली आपण जाते. तिला उघड्या हातानं कधीच धरू नका. चावली किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. घरात लपवू नका हं.

त्या मुलीच्या बाबांना मी हे सगळं चिठ्ठीत लिहून पाठवलं. ते थांबले. पहिल्या संध्याकाळी तिनं १९ पाकोळ्या मोजल्या, आणि आतून चीं चीं येतच होती. रोज ती आकडा आणून दाखवते. परवा धावतच आली, "बाई, काल २६ निघाल्या!"

या जास्तीच्या ७ कोण, ओळखा पाहू! पण आतली चीं चीं अजून थांबलेली नाही. म्हणून पडद्याचा तुकडा त्यांच्या खुंटीवर तसाच टांगलेला आहे.

तुमच्या,
बाई