आत्याच्या ओव्या आणि थोरले भांडे

आमची आत्या यंदा ८८ वर्षांची झाली. घरातले जाते केव्हाच माळ्यावर गेले, पण जात्यावरच्या ओव्या अजून तिच्या तोंडी आहेत. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे वाचल्यापासून आमच्या सौभाग्यवतींनी धोशा लावला होता, "अहो, आत्याबाईंचा आवाज कधी धरून ठेवणार?"

शेवटी आत्या राहायला आली तेव्हा मी बाहेरून जोडायचे साउंड कार्ड आणि बरासा मायक्रोफोन आणला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि आत्याच्या कानाला हेडफोन लावला. पहिल्याच ओवीत ती अडखळली.

"अरे, माझ्यामागून कोण म्हणतंय?"

मागे कोणीच नव्हते. तिचाच आवाज तिला उशिरा ऐकू येत होता.

त्याचे असे आहे. साउंड कार्ड आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेते. ते सुटे सुटे न देता एका भांड्यात साठवते आणि भांडे भरले की संगणक ते उचलून नेतो. या भांड्याला बफर म्हणतात. आमचे भांडे २,०४८ नमुन्यांचे होते. ते भरायला सुमारे ४३ मिलिसेकंद, आणि आवाज परत कानाकडे धाडताना तसलेच दुसरे भांडे. म्हणजे ८५ मिलिसेकंद गेले. सेकंदाचा दहावा भागही नव्हे, पण गाणाऱ्या माणसाला चुकवायला तेवढा पुरतो.

"बाबा, बफर कमी करा ना," चिरंजीव म्हणाले. मी तो एकदम ६४ वर आणला. उशीर गेला! आत्या तासभर खुशीत म्हणत होती. पंढरीच्या ओव्या झाल्या, माहेरच्या झाल्या, शेवटी भावाची झाली. तीत तिने माझ्या वडिलांचे नाव गुंफले होते.

रात्री ऐकायला बसलो तर ओवीओवीत टिक्‌ टिक्‌! शेजारी कोणी फुटाणे फोडत बसल्यासारखे. वडिलांच्या नावावर तर नेमकी मोठी टिक्‌.

चूक माझी होती. ६४ नमुन्यांचे भांडे दर १.३ मिलिसेकंदाला भरते. संगणकाला त्याच वेळी वायफाय सांभाळायचे असते, चिरंजीवांनी उघडी टाकलेली वीस-बावीस पाने सांभाळायची असतात. एक फेरी चुकली की भांडे उतू जाते आणि सांडलेला आवाज कायमचा जातो. असली टिक्‌ पुसणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते पोकळी अंदाजाने भरतात. वडिलांचे नाव मला अंदाजाने नको होते.

"पुन्हा म्हणशील का?" असे सकाळी विचारले, तर आत्या म्हणाली, "काल आल्या त्या आल्या. ओवी काय बटण दाबून येते?" आणि ती गावी निघून गेली. पुढच्याच आठवड्यात तिला ताप भरला. ते पंधरा दिवस ती टिकटिकणारी फाईल मी किती वेळा लावली असेल, सांगत नाही.

ती उठून बसल्यावर आम्हीच गावी गेलो. या खेपेस बफर १,०२४ ठेवला. उशिराचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो. कार्डावर 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचे बटण असते. ते दाबले की मायक्रोफोनचा आवाज संगणकात न जाता थेट कानाशी येतो. मग भांडे थोरले असले म्हणून कोणाचे अडते? (नुसते ऐकायचे असेल तेव्हाही ते थोरलेच बरे.) वायफाय बंद केले, लॅपटॉपची वीजबचत बंद केली. आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहिले, कारण तो शून्याला टेकला की आवाज फाटतो. कार्ड आणि प्रोग्रॅम दोन्हींत ४८,००० हाच आकडा आहे ना, तेही तपासले. ४४,१०० ने घेतलेला आवाज ४८,००० ने वाजला, तर आत्या नऊ टक्के घाईने आणि चढ्या पट्टीत गायची!

तापाने तिचा आवाज बारीक झाला होता. सात-आठच ओव्या झाल्या. मी काही सुचवले नाही. हेडफोन काढता काढता ती थांबली, म्हणाली, "भाऊबीज जवळ आली," आणि भावाची ओवी म्हणाली.

मी लगेच लावून ऐकवली. ती डोळे मिटून ऐकत होती.

"दादाचं नाव नीट आलं का रे?"

नीट आले होते.