हत्तींची वाट ओळखा

२०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडची सीमा ओलांडून रानहत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला, तेव्हा चार दिवसांचे पाहुणे म्हणूनच त्याच्याकडे पाहिले गेले. पाहुणे राहिले, गोंदिया जिल्ह्यापर्यंतही त्यांच्या फेऱ्या झाल्या. धान लोंबीला आले की पिकाची नासधूस, रात्री मशाली आणि सकाळी पंचनामा, असा क्रमच पडून गेला. नुकसानभरपाई आवश्यकच आहे. परंतु भरपाई म्हणजे धोरण नव्हे.

हत्तीण सुमारे २२ महिने गर्भ वाहते. पिलू सोबत असलेला कळप हुसकावला की बिथरतो आणि त्याची किंमत माणसाला जिवाने मोजावी लागते. अलास्का-कॅनडात कॅरिबूंना गळपट्टे बांधून हजारोंच्या कळपांच्या ऋतुमानानुसारच्या वाटा व विणीच्या जागा नकाशावर आणल्या गेल्या. आपल्याला तर मोजक्याच हत्तींचा माग ठेवायचा आहे. वनखात्याने त्यांच्या हालचालींचा महिनावार नकाशा तयार करावा, विसाव्याच्या जागी त्यांना निवांत राहू द्यावे आणि रोज दिवस मावळण्यापूर्वी वाटेवरील गावांना सावध करावे. हत्ती कोठे आहे, हे तो बांधावर येण्याआधी शेतकऱ्याला कळावे, ही अपेक्षा अवाजवी खासच नाही.