बॉम्ब कुणाचा, हे आम्हाला विचारू नका

ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत रशिया तेरा दिवस एकमेकांवर नेम धरून उभे होते. जग वाचले ते बॉम्बच्या धाकाने, असे आजही सांगितले जाते. खोटे आहे! 27 ऑक्टोबरला वासिली अर्खिपोव्ह नावाच्या रशियन अधिकाऱ्याने पाणबुडीतून अण्वस्त्र डागायला नकार दिला आणि केनेडी-ख्रुश्चेव्ह एकमेकांना पत्रे धाडत राहिले, म्हणून वाचले. त्यानंतर दोघांना अक्कल आली. जून 1963 मध्ये टेलिप्रिंटरची थेट लाइन ठरली, ऑगस्टमध्ये अणुचाचण्यांवर अंशतः बंदीचा करार झाला. भारताने लगोलग सही केली. चाचण्या थांबवा, असे नेहरूंनी 1954 मध्येच संसदेत बजावले होते. हे नेहरू आमच्या नगरच्या किल्ल्यातले कैदी.

आमचे उपखंड मात्र त्या तेरा दिवसांतून काय शिकले? मे 1998 मध्ये आधी पोखरण, मग चागाई. इकडे पेढे, तिकडे मिठाई. आणि आमच्या वाट्याला प्रश्न : तुमचा बॉम्ब कोणता? आमच्यातलेही काही शहाणे 'इस्लामी बॉम्ब' म्हणत मनातल्या मनात सुखावले. बॉम्बला कलमा पढवता येतो काय? बायका-मुले-म्हातारे मारू नका, फळझाडे तोडू नका, अशी ताकीद हजरत अबू बकर (रजि.) यांनी फौजेला दिली होती. फळझाड वाचवणारा अणुबॉम्ब कुणी दाखवावा!

2001-02 मध्ये दोन्ही फौजा महिनोन् महिने समोरासमोर उभ्या राहिल्या. मे 2025 मध्ये गोळीबार थांबला तोही दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या फोननंतर. सीमेवरचा ताण असा निवळतो. आमच्या मोहल्ल्यातला निवळत नाही. उर्दू शाळेची पाटी पाहून लोक पुन्हा भुवया उंचावतात. जणू उर्दू वाघा ओलांडून आली! मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे 1942 नंतर याच नगरच्या किल्ल्यात, उर्दूत लिहिली. जग महायुद्धात जळत होते आणि हा कैदी कोठडीतल्या चिमण्यांविषयी लिहीत होता.

एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत-पाकिस्तानने 31 डिसेंबर 1988 ला केला. त्यानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही सरकारे त्या केंद्रांच्या याद्या एकमेकांच्या हाती देतात. कारगिलनंतरही दिल्या, संसदेवरील हल्ल्यानंतरही. त्यांना कुणी देशद्रोही म्हणत नाही. मग 'बोलत राहा' एवढेच म्हणणाऱ्या आम्हा उर्दूच्या मास्तरांकडेच निष्ठेचा दाखला का मागता?