पावती कुणाची, रस्ता कुणाचा?

गरिबाच्या खिशातून पैसा काढण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांत पावतीपुस्तकाचा मार्ग सर्वांत सोपा. धमकी दिली तर माणूस चिडतो, चोरी केली तर ओरडतो. पण छापील पावती हाती दिली की गप्प बसतो. कागदावर छापले आहे म्हणजे ते सरकारी असणार, अशी आपली समजूत. या समजुतीची किंमत आमच्या वस्तीने तीन महिने मोजली. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या वस्तीपुढून जाणाऱ्या रस्त्याच्या एका बाजूला चाळी आहेत आणि दुसऱ्या बाजूला शाळेची भिंत. भिंतीलगत रात्री रिक्षा, चारदोन छोटे टेम्पो आणि मोटारसायकली उभ्या राहतात. २०२४ च्या दिवाळीनंतर एका रात्री दोन तरुण पावतीपुस्तक घेऊन आले. "इथं आता पार्किंगचा ठेका झालाय," म्हणाले. रिक्षाला रात्रीचे ३० रुपये, टेम्पोला ५०, दुचाकीला १०. पहिल्या रात्री कुरकुर झाली, दुसऱ्या रात्री वाद झाला, आठवड्याने सगळे मुकाट्याने देऊ लागले. आमची जुनी स्कूटरही त्याच रांगेत उभी असे आणि आम्हीही १० रुपये काढून देत होतो, हे कबूल केले पाहिजे.

३० रुपये ऐकायला थोडे वाटतात. महिन्याचे होतात ९००. तेवढ्यात त्या वेळी गॅसचा सिलिंडर येत होता आणि वर काही उरत होते.

जानेवारीत एका रिक्षावाल्या बंधूंनी चार रात्री पैसे दिले नाहीत. पाचव्या दिवशी पहाटे पाहतात तो रिक्षाच्या चाकाला जॅमर! काढायचे ५०० रुपये. रिक्षा भाड्याची. चाक फिरले नाही तरी मालकाला शिफ्टचे पैसे द्यावेच लागतात. शेवटी त्यांच्या पत्नीने बचत गटाच्या हप्त्यासाठी ठेवलेले पैसे काढून दिले. त्या दिवशी त्या घरात चूल उशिरा पेटली.

संध्याकाळी त्यांची बारावीत शिकणारी मुलगी ती पावती घेऊन विहाराच्या ओट्यावर आली. तेथे महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा बसले होते. त्यांनी चष्मा लावून पावती उलटसुलट पाहिली.

"पोरी, यावर महापालिकेचं नाव कुठाय?"

"नाही आजोबा, नुसतं 'पार्किंग शुल्क' लिहिलंय."

"आणि पावतीचा नंबर?"

"तोही नाही."

"मग ही आपल्या ऑफिसची पावती नव्हे. पस्तीस वर्षं तिथं हजेरी लावलीय मी."

आम्ही तेथेच होतो. एवढी साधी गोष्ट आम्हा शिकलेल्यांपैकी कोणालाच तीन महिन्यांत सुचली नव्हती. त्या रात्रीपासून आम्ही कायद्याची माहिती गोळा करू लागलो. ती अशी.

सार्वजनिक रस्ता महापालिकेच्या मालकीचा असतो. मुंबईसाठी १८८८ चा महापालिका कायदा आहे, इतर महापालिकांसाठी १९४९ चा. दोन्हींत ही गोष्ट स्पष्ट आहे. वाहने कोठे उभी करावीत हे ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे राज्य सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. महापालिका सशुल्क वाहनतळ ठरवू शकते आणि त्याचा ठेकाही देऊ शकते. पण मग त्याचा हुकूम असतो, ठेक्याची मुदत असते, मंजूर दर असतो. हुकूम नाही तर ठेका नाही, आणि ठेका नाही तर शुल्क नाही.

शुल्क वेगळे आणि दंड वेगळा, हेही ध्यानात ठेवावे. खाजगी माणसाला दंड करण्याचा अधिकार नाही. चाकाला जॅमर लावण्याची किंवा गाडी उचलून नेण्याची परवानगी त्याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकारीच देऊ शकतो. दुसऱ्या कोणी जॅमर लावून, धाक दाखवून पैसे घेतले तर ती खंडणी होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३०८ आहे. हा दखलपात्र गुन्हा आहे. फिर्याद नोंदवली की तिची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंदवून घेतली नाही तर तीच फिर्याद वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे टपालाने पाठविता येते.

आता आम्ही काय केले ते सांगतो. प्रथम ठरविले की भांडण करायचे नाही, हात उगारायचा नाही. मागायला आले की एकच वाक्य बोलायचे : "महापालिकेचा हुकूम दाखवा, पैसे देतो." जो एकटा असेल, घाबरत असेल, त्याने पैसे द्यावेत, पण पावती फाडून टाकू नये. त्या मुलीने सगळ्या पावत्या एका वहीत चिकटवल्या आणि शेजारी तारीख व गाडीचा नंबर लिहिला. ही वही पुढे फार उपयोगी पडली.

दुसरे, वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. त्यावर ४१ सह्या झाल्या, त्यांत १९ भगिनींच्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे वाचकांनी कायम लक्षात ठेवावे.

तिसरे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा असा नियम आहे. आम्ही तीनच गोष्टी मागितल्या : या रस्त्यावर सशुल्क वाहनतळ मंजूर असल्यास हुकमाची प्रत, ठेकेदाराचे नाव व मुदत, आणि मंजूर दर. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. न दिल्यास त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे २० रुपयांच्या स्टॅम्पवर अपील करता येते. आम्हाला ती वेळ आली नाही. २६ व्या दिवशी पत्र आले : या रस्त्यावर असा कोणताही ठेका दिलेला नाही.

ते पत्र आणि वही घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या वेळी "आपसात मिटवा" असे सांगून ज्यांनी परत पाठविले होते, त्यांनीच या वेळी बसायला खुर्च्या दिल्या. दोन दिवस रात्री हवालदार फेरी मारून गेले. पावतीपुस्तकवाले पुन्हा दिसले नाहीत. त्या बंधूंचे ५०० रुपये मात्र आजवर परत मिळालेले नाहीत.

काही वाचकांच्या रस्त्यावर खरोखरच ठेका असेल. तेथे मंजूर दर देणे आपले कर्तव्य आहे. वाद घालायचा तो जादा पैशांचा. पैसे घेऊन पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित प्रथा आहे. ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. फोनवर सल्ला हवा असेल तर १९१५ हा क्रमांक आहे. ज्यांनी इमारतीत फ्लॅट विकत घेतला आहे त्यांनी हेही जाणून असावे की, मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्याच एका सोसायटीच्या खटल्यात दिला आहे.

वकिलाचे पैसे कोठून आणायचे, असे एका भगिनीने विचारले. त्याचेही उत्तर आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न ठेवता वकील फुकट मिळतो. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींत झालेला आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत साधा अर्ज द्यावा.

आता थोडे कडू. वॉर्ड ऑफिसच्या त्याच पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती : शाळेच्या फाटकासमोर वाहने उभी करू नयेत. आमच्या वस्तीतील चार गाड्या तेथेच उभ्या असत. कोणी जागा अडवायला ड्रम ठेवी, कोणी दगड, आणि म्हणे, "ही माझी जागा." ठेकेदाराला आम्ही विचारले, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का? मग तोच प्रश्न आम्हालाही लागू होता. आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका आली तर ती ड्रमाला विचारून आत येणार नाही. त्या रविवारी तरुणांनी ड्रम आणि दगड उचलले, फाटकासमोरच्या चारही गाड्या हलविल्या. त्यात आमची स्कूटरही होती. आता आम्ही ती थोडी लांब लावतो आणि चालत घरी येतो.

पावत्यांची ती वही मुलीने जपून ठेवली आहे. वस्तीत आता कोणीही पैसे मागायला आला, मग तो पाण्याचा असो, कचऱ्याचा असो की दिव्याचा, तर बायाबापड्या आधी विचारतात : "दादा, पावतीवर नाव कुणाचं?" वाचकहो, आपल्या दारी कोणी पावतीपुस्तक उघडले तर खिशात हात घालण्याआधी एवढे जरूर विचारा.